हलू नका

मावशी दार कोपराने उघडायच्या. हात रिकामे असले तरी.

कुठलाही कागद हाती आला, पत्र असो की किराण्याची यादी, तो आधी उजेडासमोर धरायच्या आणि मग वाचायच्या.

फोन उचलल्यावर हॅलो नाही. "बोला, कुठे दुखतंय?"

कोटाच्या खिशात दोन रुमाल. पांढरा भिंगासाठी, निळा नाकासाठी. अदलाबदल एकदाच झाली होती. ती गोष्ट त्या स्वतःच रंगवून सांगायच्या.

बोलता बोलता समोरच्याचा खांदा हलकेच धरून त्याला उजेडाकडे वळवायच्या. माणूस वळायचा. आपण का वळलो हे त्याला कळायचंही नाही.

आणि फोटो काढताना, समोर माणूस असो, पान असो की गोगलगाय, चार वाक्यं ठरलेली. "हलू नका. श्वास घ्या. रोखा." मग खट्. मग, "सोडा."

चौथं वाक्य त्या कधीच विसरल्या नाहीत. "रोखा म्हणायला काय, कुणीही म्हणेल," त्या म्हणायच्या. "सोडा म्हणायला विसरलात तर माणूस बिचारा निळा पडेपर्यंत उभा राहतो. फार आज्ञाधारक जात."

चौतीस वर्षं त्या इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत होत्या. जाड काचेच्या आड उभं राहून त्यांनी हीच चार वाक्यं म्हटली. अर्ध्या शहराने त्यांच्या शब्दावर श्वास रोखला होता. बाजारात लोक ओळख दाखवायचे. मावशींना चेहरे आठवायचे नाहीत. "जरा पाठमोरे व्हा बघू," म्हणायच्या.

जिला सगळे पुस्तक म्हणतात, तिची आणि त्यांची ओळख तिथलीच. खोकला महिनाभर हटत नव्हता म्हणून ती एक्स-रे काढायला गेली होती. साहित्याची पदवी नुकतीच हातात आली होती आणि हातातली कादंबरी सुटत नव्हती. मावशी म्हणाल्या, "ते पुस्तक बाजूला ठेव. नाहीतर डॉक्टर म्हणतील, हिच्या फुप्फुसात तीन प्रकरणं आहेत." तेव्हापासून तिचं नाव पुस्तक. पुढे ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली, तरी नाव तेच राहिलं.

निवृत्त झाल्यावर मावशींनी कॅमेरा घेतला. दर रविवारी सकाळी नऊला वनस्पती उद्यानाच्या फाटकाशी त्या उभ्या. हळूहळू माणसं जमली. टपालखात्यातून निवृत्त झालेले टपालकाका. शिवणकाम करणाऱ्या एक बाई, ज्यांना प्रत्येक फूल कापडावर दिसायचं. दातांचे डॉक्टर. पाठोपाठच्या दोन बहिणी आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. आणि पुस्तक, जिच्याकडे कॅमेराच नव्हता. ती छत्र्या धरायची.

फेरी कुठूनही सुरू होवो, शेवट आजोबांपाशी व्हायचा. आजोबा म्हणजे छोट्या तळ्याजवळचं प्रचंड जुनं झाड. त्याची उजवी फांदी जमिनीला समांतर लांबवर गेली होती. तिला खालून लोखंडी खांबाचा टेकू होता. टपालकाका त्याला कुबडी म्हणायचे. पाऊस आला की सगळे धावत त्या फांदीखाली जायचे. बारा वर्षांची सवय.

पानगळ सुरू झाली की मावशी आजोबांचा एक फोटो काढायच्या. तळ्यापलीकडच्या चपट्या दगडावरून. दगड तोच, उंची तीच, वेळ तीच. तो फोटो वहीत चिकटवायचा आणि खाली अहवाल लिहायचा. "डावी फांदी : ठीक. उजवी फांदी : ठीक. पानं उशिरा. काळजीचं कारण नाही." बारा पानं, बारा अहवाल.

तेराव्या वर्षीचा फोटो काढून, छापून घेऊन मावशी घरी आल्या आणि सवयीने कागद उजेडासमोर धरला. उजव्या फांदीच्या मुळाशी एक रेघ होती. केसाएवढी. मागच्या वर्षीच्या फोटोत ती नव्हती.

त्या सोमवारीच उद्यानाच्या अधीक्षकांकडे गेल्या. पुस्तक सोबत होती.

अधीक्षकांनी फोटो पाहिला. उलटा करून पाहिला. "मावशी, ते झाड आहे. मांडीचं हाड नाही."

"हाड बरं हो. हाडाचा माणूस निदान ओरडतो."

"पाहणीचे लोक पुढच्या आठवड्यात येणारच आहेत. तोवर फांदी काही पळून जात नाही."

"पळून नाही जायची. खाली येईल."

अधीक्षक हसले. माणूस वाईट नव्हता. टेबलावर फायलींचा ढीग होता आणि प्रत्येक फायलीत कुणाला ना कुणाला काही ना काही पडेल असं वाटत होतं. "पावसाचा ओघळ असेल," ते म्हणाले. "असं करा. रविवारी त्याच जागेवरून परत फोटो काढा. रेघ वाढलेली दिसली तर दहा वाजता कार्यालय उघडल्या उघडल्या मी स्वतः रस्ता बंद करतो. झालं?"

मावशींचं झालं नव्हतं. बुधवारी त्या एकट्याच गेल्या आणि झाडाभोवती दोरी बांधून आल्या. जुन्या लाल चादरीच्या पट्ट्या तिला लावल्या होत्या. गुरुवारी दोरी काढलेली होती. परवानगीशिवाय उद्यानात काही बांधता येत नाही, असा निरोप आला.

"ठीक," मावशी म्हणाल्या. "मग फोटोच देऊ."

शनिवारी संध्याकाळपासून पाऊस लागला. रविवारी सकाळीही थांबला नाही. मावशींनी सगळ्यांना फोन करून फेरी रद्द केली. पण पावसात भिजलेली पिवळी पानं वर्षातून एखाद्याच रविवारी मिळतात. नऊला फाटकाशी पुस्तक आणि बाकीचे सातही जण हजर. "आम्ही काय मीठ आहोत विरघळायला?" टपालकाका म्हणाले.

मावशींचा चेहरा पुस्तकने तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिचा खांदा धरून तिला बाजूला वळवलं.

"सगळ्यांना काचघरात ने. मी येईपर्यंत कुणाला बाहेर सोडू नकोस. मी दगडावरून फोटो काढते आणि तशीच कार्यालयात जाते."

"त्यांना सांगू का, फांदीचं?"

"नको. रेघ ओघळच निघाली तर उगाच बोभाटा. आजार पक्का झाल्याशिवाय नातेवाइकांना सांगायचा नसतो."

हे त्यांचं इस्पितळातलं शिस्तीचं वाक्य. पुस्तकने मान डोलावली. आपणच का नाही सांगून टाकलं, हे तिने त्यानंतर स्वतःला किती वेळा विचारलं, त्याचा हिशेब नाही.

"आज आजोबांची भेट नाही वाटतं?" वाटेत दातांचे डॉक्टर म्हणाले.

"आधी काचघर," पुस्तक म्हणाली.

काचघराला कुलूप होतं. एरवी नऊला ते उघडं असायचं. किल्ली माळीदादांकडे, आणि माळीदादा मागच्या अवजारांच्या खोलीत. पाऊस आता सरळ अंगावर कोसळत होता. दाराला आडोसा असा नव्हता. शिवणबाईंनी कॅमेरा पदराखाली घेतला होता.

"इथेच थांबा हं," पुस्तक म्हणाली. "आलेच मी किल्ली घेऊन. इथेच."

"थांबतो गं बाई. कुठे जाणार?"

माळीदादा रोपांवर घालायचा कपडा शोधत होते. किल्ली दुसऱ्या कोटात होती. दुसरा कोट खुंटीवर नव्हता. तो घमेल्याखाली निघाला. पाच मिनिटं. फार तर सात.

ती किल्ली घेऊन धावत आली तेव्हा काचघरापाशी कुणी नव्हतं.

तिने वळून पाहिलं. शंभरेक पावलांवर आजोबा. उजव्या फांदीखाली सातही जण, एकमेकांना चिकटून, भिजलेल्या चिमण्यांसारखे. बारा वर्षांची सवय. पाऊस आला की तिथेच जायचं. टपालकाकांनी तिला पाहून हात हलवला.

तळ्यापलीकडे, दगडावर, मावशी. ट्रायपॉड लावलेला. त्यांचा डोळा कॅमेऱ्याला होता. मग त्यांनी डोळा काढला. सात माणसं त्यांनी भिंगातून पाहिली असणार.

तेवढ्यात आवाज झाला. मोठा नव्हता. कुणीतरी ओलं जाड कापड सावकाश फाडावं तसा.

पुस्तकला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. इतकी वर्षं शब्दांत लोळून काढलेली मुलगी ती. एक शब्द आला नाही.

मावशींना आला.

"हलू नका!"

त्यांना म्हणायचं होतं, पळा. त्यांना म्हणायचं होतं, निघा तिथून. पण घशाला चौतीस वर्षांचं वळण होतं. घाईच्या क्षणी घशाने जे हाताशी होतं ते दिलं.

आणि सातही जण जागच्या जागी थिजले. बारा वर्षांत मावशींनी त्यांना तेच शिकवलं होतं. शिवणबाईंनी पाठ ताठ केली. टपालकाकांनी कॉलर नीट केली. दातांचे डॉक्टर हसले, दात न दाखवता, नेहमीसारखे. एवढ्या पावसात आपला फोटो निघतोय असं त्यांना वाटलं. सगळ्यांनी श्वास घेतला आणि रोखला.

वरून फाडल्याचा आवाज येतच होता.

मावशी ट्रायपॉड सोडून निघाल्या. उजवा गुडघा त्यांना जिना चढू द्यायचा नाही. त्या तळ्याच्या काठाने धावल्या. पुस्तकही धावली, क्षणभर उशिराने. तिच्या पायांनी का होईना, ऐकलं. पण मावशी आधी पोचल्या. त्या ओरडल्या नाहीत. आपल्या तोंडावरचा त्यांचा विश्वास उडाला असावा. त्यांनी हात वापरले. एकेकाचा खांदा धरायचा, वळवायचा, पुढे लोटायचं. खांदा, वळण, लोट. माणसं वळली. का वळतोय हे त्यांना कळलंही नाही. दोघी बहिणी, दोघी मैत्रिणी, शिवणबाई, डॉक्टर. शिवणबाई पुस्तकच्या अंगावर येऊन पडल्या आणि दोघी चिखलात गेल्या.

टपालकाका शेवटचे. ते अजून उभेच होते. श्वास रोखून.

मावशींनी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं.

मग मोठा आवाज झाला. मग पिवळी पानं. किती वेळ नुसती पिवळी पानं खाली येत राहिली. लोखंडी कुबडी आडवी पडली होती. टपालकाका गुडघ्यांवर बसून म्हणत होते, "मावशी? अहो मावशी? काढलात ना फोटो?"

मावशींना त्यांच्याच इस्पितळात नेलं. त्यांच्याच खोलीत. जो माणूस आता काचेआड उभा राहतो, त्याला काम मावशींनी शिकवलेलं. पुस्तक दाराबाहेर उभी होती. दार नीट लागलं नव्हतं.

"मावशी, हलू नका," तो म्हणाला. "श्वास घ्या. जमेल तेवढा. रोखा."

खट् झालं. त्याच्यासमोर पडद्यावर बरगड्या आल्या होत्या. तो बघत राहिला.

बराच वेळ गेला.

"अरे," आतून मावशींचा बारीक आवाज आला, "सोडा म्हण की."

त्या तीन दिवस होत्या. बोलायला त्रास व्हायचा, म्हणून त्यांनी फार थोडं बोलून घेतलं. टपालकाका पायथ्याशी बसून रडले तेव्हा म्हणाल्या, "तुमची कॉलर वाकडीच होती." पुस्तक काही बोलू लागली. किल्ली, माळीदादा, कोट. मावशींनी तिचा खांदा धरला आणि तिला खिडकीकडे वळवलं. ती वळली.

अधीक्षक दुसऱ्या दिवशी आले. हातात लाल पट्ट्यांची दोरी होती, नीट घडी केलेली. टेबलाच्या खणात ठेवली होती म्हणे. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती मावशींच्या पांघरुणावर ठेवली आणि उभेच राहिले.

"बसा," मावशी म्हणाल्या. "कुठे दुखतंय?"

अधीक्षकांनी दोरीची घडी पुन्हा नीट केली.

चौथ्या दिवशी पहाटे मावशी गेल्या.

पंधरा दिवसांनी मावशींच्या वहिनींनी पुस्तकला घरी बोलावलं. भाऊ गेल्यापासून नणंद-भावजय दोघीच राहायच्या, आणि छत्रीवरून रोज भांडायच्या. छत्री दाराशी कोरडी उभी होती.

"वन्संना म्हटलं होतं त्या दिवशी, घ्या छत्री," वहिनी म्हणाल्या. "म्हणाल्या, दोन्ही हात लागतात मला." मग त्यांनी डोळे पुसले. निळ्या रुमालाने. की पांढऱ्या, ते पुस्तकने बघितलं नाही.

टेबलावर कॅमेऱ्यातला फोटो छापून आणलेला होता. ट्रायपॉड दगडावरच सापडला होता. मावशींनी खटका डोळा काढण्याआधी दाबला की नंतर, कोण जाणे. पण दाबला होता. फोटो कमालीचा स्वच्छ आला होता. पावसाच्या रेघा, पिवळे आजोबा, खाली सात माणसं. कुणीच हललेलं नाही. आणि वर, उजव्या फांदीच्या मुळाशी, बोटभर रुंद काळी फट. कार्यालयात दाखवायला याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

शेजारी वही उघडी होती. तेरावं पान. शनिवारी संध्याकाळी मावशींनी ते तयार करून ठेवलं होतं. रविवारची तारीख घातलेली. फोटोसाठी पेन्सिलने चौकट आखलेली. खाली अहवाल सुरू केलेला.

"तूच पुरा कर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डिंकाची बाटली आणि पेन पुढे सरकवलं. "अक्षर तुझं चांगलं आहे."

पुस्तकने फोटो चौकटीत ठेवून पाहिला. बरोबर बसला. मग तिने तो उचलून परत टेबलावर ठेवला. पेनाला हात लावला नाही. छापखान्यात ती रोज दुसऱ्यांच्या राहून गेलेल्या खुणा भरते. ही भरता येण्यासारखी नव्हती.

पानावर मावशींच्या तिरक्या अक्षरात दोन ओळी होत्या.

डावी फांदी : ठीक.

उजवी फांदी :