ठकीला लागलेला चष्मा

गल्लीत त्यांना सगळे भिंगोजी म्हणत. पुढे चष्म्यांचं दुकान, मागे भिंगं घासायचं यंत्र आणि मधे स्वतः भिंगोजी, एक चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि दुसरा कपाळावर. जगातल्या निम्म्या भानगडी नीट न दिसल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. मुलगा नापास झाला, लावा चष्मा. सून चिडचिड करते, लावा चष्मा. "आमच्या घरात पोटात दुखलं तरी आधी नंबर तपासतात," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिच्याही नाकावर अर्थात एक होताच.

राहिली होती फक्त साडेपाच वर्षांची नात, ठकी. तिचे उघडे डोळे बघून भिंगोजींचे हात शिवशिवायचे. अशात शाळेतल्या बाईंनी ठकीच्या आईला बोलावून सांगितलं, की ही निम्मी अक्षरं उलट्या तोंडाची काढते, तीनचा सहा करते, एकदा डोळे दाखवून घ्या. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. भिंगोजींना मात्र लॉटरी लागली.

वाचता न येणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याकडे एक तक्ता होता. त्यावर फणीसारखी एकच खूण, ओळीगणिक बारीक होत गेलेली; दात कुठल्या बाजूला आहेत ते मुलाने हाताने दाखवायचं. ठकीने वर आणि खाली झटक्यात दाखवलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. डावं-उजवं आलं की मात्र हात भलतीकडेच जायचा, अगदी पहिल्या, पंजाएवढ्या फणीलासुद्धा. शहाण्या माणसाने इथे थांबून डोकं खाजवलं असतं. भिंगोजींनी नंबर काढला. डॉक्टर कशाला हवा, घरचीच तर नात! संध्याकाळपर्यंत लाल फ्रेम तयार झाली आणि गिऱ्हाइकांपुढे शेखीही मिरवून झाली.

अक्षरं उलटी ती उलटीच राहिली. वर आता चष्मा असूनही चुकते म्हणून ओरडा डबल. सून शेजारी बसून खोडायची, गिरवायला लावायची. एके दिवशी ठकीने पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. जी पोर भिंतीसुद्धा सोडत नसे, ती कोरा कागद दिसला की हात पाठीमागे लपवू लागली. बाई म्हणाल्या, असंच चाललं तर हिला पुढच्या वर्गात कशी घालू? भिंगोजी म्हणाले, "नंबर वाढवून बघू."

त्याच खटपटीत त्यांच्या हातून नव्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू निसटला. मुंगीएवढा स्क्रू, आणि खाली ठिपक्याठिपक्यांची फरशी. भिंगोजी दोन्ही चष्मे सावरत रांगू लागले. ठकीने आपला चष्मा काढून बाजूला ठेवला, थोडी पुढे जाऊन वाकली आणि स्क्रू त्यांच्या तळहातावर आणून ठेवला. मग चष्मा पुन्हा चढवला.

"अगं, काढलास कशाला?"

"शोधायचं होतं ना!"

"मग आता घालतेस कशाला?"

"नाहीतर तुम्हाला वाईट वाटतं."

भिंगोजी फरशीवरच बसून राहिले. लाज वाटली, आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी ते नाक मुठीत धरून ठकीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. "डोळे ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. "अहो, कपाचा कान इकडे असो की तिकडे, कप तो कपच, हे पोरांना तान्हेपणापासून माहीत असतं. अक्षरांना तेवढं ते चालत नाही, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. या वयात पुष्कळ मुलं उलटं लिहितात. सात-आठ वर्षांची होईपर्यंत सुधारलं नाही, वाचतानाही अडायला लागली, तर बघू. तोवर रागावू नका. आणि हा चष्मा कुठल्या गाढवाने दिला?"

"आहे एक ओळखीतला," भिंगोजी म्हणाले.

चष्मा गेला, सुनेचं खोडरबरही गेलं. ठकी मात्र पेन्सिलीला हात लावेना. शेवटी एका रिकाम्या दुपारी भिंगोजी स्वतःच तपासणीच्या स्टुलावर जाऊन बसले. "मला काही दिसेनासं झालंय हो. जरा बघता का?"

ठकीने आधी त्यांना संशयाने न्याहाळलं. मग तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि बोटं नाचवत विचारलं, "किती?" भिंगोजींनी धडाधड चुकीची उत्तरं दिली. "काय हे, नीट बघा की!" ती हुबेहूब त्यांच्याच आवाजात खेकसली, पावत्यांचा गठ्ठा ओढला, पेन्सिल घेतली आणि जीभ बाहेर काढून एक मोठा आकडा काढला. "तीन नंबर लागलाय तुम्हाला."

कागदावर ठसठशीत सहा होता. दुसऱ्याचं चुकलेलं दाखवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या भिंगोजींच्या ओठांवर शब्द आले होते. ते त्यांनी गिळले, आणि मान डोलावून कागद खिशात घालू लागले.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "सहा? हा सहा नंबर कुणाला लागला?"

"तीन आहे तो," भिंगोजी म्हणाले. "डॉक्टरांचं अक्षर आहे. तुला नाही कळायचं."