वायरमनच्या घरी ससा

टेस्टरभाऊंचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर होतं आणि लायसन्स हत्यारांच्या पेटीत तळाशी होतं, त्यामुळे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावून हिंडणारा हा पन्नाशीचा वायरमन गल्लीत याच नावाने ओळखला जाई. काम चोख. त्यांनी बसवलेला बोर्ड कधी कुरकुरला नाही. स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. फ्रिजची वायर दारावरून, टेबलफॅनची खुर्चीखालून, पलंगाखाली एक एक्स्टेंशन आणि त्या एक्स्टेंशनच्या पोटात आणखी एक.

“एक दिवस मी यात पाय अडकून पडणार आणि तू मला बघायला येताना त्याच वायरीत अडकून माझ्यावर पडणार,” असं त्यांची थोरली बहीण रोज ऐकवायची. ताईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लाइन खराब असली की पलीकडच्याला ऐकू जावं म्हणून ओरडायचं, ही सवय नोकरी सुटली तरी सुटली नव्हती. ती हळू बोलली तरी तिसऱ्या मजल्यावर कळायचं. भावाने लग्न केलं नाही, बहिणीचा नवरा लवकर गेला, म्हणून दोघं एकत्र राहत होती. भांडण सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं आणि रात्री दिवा मालवला की थांबायचं. त्यात राग फारसा नसे. सवय असे.

एकदा जनावरांच्या दवाखान्यातला पंखा बंद पडला म्हणून टेस्टरभाऊ तिकडे गेले. शिडीवरून उतरून बघतात तर हत्यारांच्या पिशवीत पक्कडीशेजारी एक करडा गोळा बसलेला. दोन महिन्यांचा ससा. त्याच्या मालकांच्या घरात शिंकांचा कहर झाला म्हणून ते त्याला दवाखान्यातच ठेवून गेले होते.

“न्याल का?” डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं.

टेस्टरभाऊ ‘नाही’ म्हणणार होते. पण गोळ्याने नाक हलवलं आणि त्यांच्या तोंडून “हो” निघून गेलं. बाईंनी मग पाच मिनिटं भराभर सूचना दिल्या. टेस्टरभाऊंनी मान डोलावली खरी, पण त्यांचं सगळं लक्ष त्या नाकाकडे होतं.

घरी ताईने दार उघडलं. “हे काय आणलंस?”

तिचा तो नेहमीचाच आवाज. पण ससा पिशवीतून उसळला, कपाटामागे घुसला आणि तिथून मागचा पाय जमिनीवर आपटू लागला. धप्. धप्.

“बघ! माझ्याच घरात माझ्यावर पाय आपटतोय!” ताई म्हणाली.

“तो घाबरलाय, ताई. हळू बोल.”

“मी हळूच बोलतेय!”

धप्.

ताईने तोंडावर हात ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजत म्हणाली, “खाणार काय तो?”

ससा म्हणजे गाजर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. टेस्टरभाऊंनी पाव किलो गाजरं आणली. ससा रात्री कपाटामागून निघाला आणि त्याने गाजरांचा फडशा पाडला. “बघ, कसा रुळला!” म्हणत दोघं समाधानाने झोपली.

सकाळी त्याने कशाला तोंड लावलं नाही. पाठीची कमान करून कोपऱ्यात बसून राहिला. खाली ठेवलेला कागद कोरा करकरीत. एक लेंडीसुद्धा नाही. टेस्टरभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. चप्पल उलटसुलट घालून त्यांनी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सशाचं पोट चाचपलं. “गवत किती खाल्लं?”

“गवत?”

“गाजरं दिलीत ना?”

टेस्टरभाऊंनी खाली बघितलं.

“अहो, गाजर म्हणजे त्याची मिठाई. कधीमधी एक चकती. त्याचं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, दिवसभर, हवं तेवढं. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. तो दहा-बारा तास खायचा थांबला तरी जिवावर बेततं. बरं केलंत, लगेच आलात. आणि या खेपेला मी सांगते ते लिहून घ्या.”

टेस्टरभाऊंनी कामाच्या वहीत लिहून घेतलं. गवत. पाणी पसरट भांड्यात. अंघोळ नाही. कान धरून उचलायचं नाही. लपायला खोकं. पहिले काही दिवस मागे लागायचं नाही. मग सुईविना सिरिंजने औषध कसं पाजायचं ते शिकून, गवताचा भारा काखेत मारून ते घरी आले. त्या दिवशी एका ऑफिसात मेन बोर्डचं काम ठरलेलं होतं आणि ते टाळता येण्यासारखं नव्हतं. ताई म्हणाली, “जा तू. मी बसते डोळ्यात तेल घालून.”

दुपारी टेस्टरभाऊ शिडीवर असताना फोन वाजला. पलीकडून ताईची कुजबूज आली.

“अरे, झाल्या!”

“काय झाल्या?”

“लेंड्या! सात! आणि आता गवत खातोय!”

“सात लेंड्या!” टेस्टरभाऊ आनंदाने ओरडले. सबंध ऑफिसाने टाइप करणं थांबवून वर बघितलं. साहेबांनी केबिनचं दार उघडलं. टेस्टरभाऊ गोरेमोरे होऊन म्हणाले, “घरी पेशंट आहे.” साहेब फार समजूतदार माणूस. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

पोट सुधारलं तसे सशाचे दात शिवशिवू लागले. तिसऱ्या दिवशी ताईच्या मोबाइलच्या चार्जरचे दोन तुकडे झाले. नशिबाने बटण बंद होतं. टेस्टरभाऊंनी ते तुकडे हातात घेऊन पाहिले. वीज काय करते हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणाला कळत होतं? त्यांनी दोन दिवसांची कामं पुढे ढकलली, पट्ट्या आणल्या आणि घरातली वायर न् वायर भिंतीवर चढवून पट्टीबंद केली. पलंगाखालची दोन्ही एक्स्टेंशनं गेली. नवा चार्जर फळीवर चढला.

ताई कमरेवर हात ठेवून बघत होती. “सोळा वर्षं घसा फोडला मी. या दीड वितीच्या प्राण्याने एका चाव्यात काम केलं.”

“तू चावली नाहीस ना कधी,” टेस्टरभाऊ म्हणाले. ताई हसत सुटली, मग सशाची आठवण होऊन पदराने तोंड दाबून हसली.

आता घरात सगळा व्यवहार हळू आवाजात चाले. भांडणंसुद्धा. पण कुजबुजत भांडायचं म्हणजे जवळ बसावं लागतं, आणि जवळ बसून फार वेळ भांडता येत नाही. मग दुसरंच काही निघे. एक्स्चेंजमधल्या गमती, आईच्या आठवणी, टेस्टरभाऊंना तरुणपणी लागलेला पहिला शॉक. ससा खोक्याच्या दारातून दोघांकडे आळीपाळीने बघायचा आणि कुणाचीच बाजू घ्यायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं न्यूट्रल. शेजारीण मात्र विचारून गेली, “ताई, आवाज नाही तुमचा. तब्येत बरी आहे ना?”

मागे लागायचं नाही असं वहीत लिहिलेलं. म्हणून टेस्टरभाऊ कामावरून आले की जमिनीवर आडवे होऊन पेपर वाचत आणि सशाकडे बघतच नाही असं दाखवत. पहिला आठवडा ससा लांबूनच जाई. मग पायाचा अंगठा हुंगला. मग पेपराचा कोपरा कुरतडला. बाराव्या दिवशी पोटावर चढून बसला. टेस्टरभाऊंनी श्वास रोखला. ताई तासाभराने आली तेव्हा ते तसेच पडून होते. “पाठीला रग लागलीय,” ते पुटपुटले. “पण उठवत नाही.”

आणि दुसऱ्याच दिवशी घात झाला. ताई भाजी निवडत होती. न्यूट्रल तिच्या पायाशी आला, एकदम कोलमडला आणि कुशीवर पडला. पाय ताणलेले, डोळे अर्धवट मिटलेले. ताईच्या हातातली जुडी गळून पडली. तिने घातलेली हाक इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर गेली.

“अरे धाव! गेला रे आपला न्यूट्रल!”

टेस्टरभाऊ अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून धावले. सशाशेजारी गुडघ्यांवर बसले. हात पुढे करवेना. ताई डोळे पुसत होती. “माझंच चुकलं काही तरी. कोथिंबिरीची काडी दिली होती सकाळी.”

तेवढ्यात मयताने एक कान उचलला. मग मान वळवून त्याने दोघांकडे असं काही बघितलं, जणू म्हणतोय, झोपलेल्या माणसाच्या खोलीत काय हा तमाशा! उठला, पलीकडे गेला आणि पुन्हा धाडकन आडवा झाला.

टेस्टरभाऊंनी फोन लावला. सगळं ऐकून डॉक्टरीणबाई आधी पोट धरून हसल्या. “अहो, तो सुखात आहे! सशाची भीती पुरती गेली ना, की तो असा अंग टाकतो. तुमच्या घरात त्याला आता कसलाच धोका वाटत नाही.”

टेस्टरभाऊंनी ताईला ते सांगितलं. ती भाजीचं ताट बाजूला सरकवून न्यूट्रलच्या शेजारी फरशीवर हळूच कलंडली. गालावर साबण वाळत असलेले टेस्टरभाऊही दुसऱ्या बाजूला आडवे झाले. तिघांच्या मध्ये ना एक वायर होती ना एक शब्द. बाहेर कुणीतरी दाराची बेल वाजवत होतं. बहुधा तिसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी, काय झालं ते विचारायला.

“उघड की,” ताई कुजबुजली.

“तू उघड,” टेस्टरभाऊ म्हणाले. आणि दोघंही हलली नाहीत.