रकाने लावणाऱ्या कल्पनाताई

यंत्रातून आलेला आकड्यांचा वेडावाकडा पसारा कल्पनाताईंना बघवत नसे. आमच्या चाकणच्या कारखान्यात संगणक विभाग म्हणजे त्या आणि मी. ताई काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाइप करत, एंटर दाबत, आणि भट्टीचे आकडे शाळेत प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे रकान्यांत सरळ उभे राहत. मग चष्मा वर सारून म्हणत, "आता कसं, तोंडं दिसायलीत एकेकाची." चिंचवडला संसार थाटूनही त्यांनी लातूरचं बोलणं सोडलं नव्हतं. मी एक्सेल उघडून हाताने रकाने ओढू लागलो, की मागून आवाज यायचा, "काय करायलास? खुरपायला बसलास का?"

स्वभाव तापट. साहेबांनाही सुनवायच्या. पण त्यांचा तक्ता चुकत नाही, हे कारखान्यात सगळे धरूनच चालत, आणि दत्तूभाऊंना तेच भोवलं.

दत्तूभाऊ जवळच्याच गावचे, भट्टीवरचे जुने ऑपरेटर. एकदा ताईंच्या तक्त्यात काही ओळींत भट्टीच्या पहिल्या कप्प्याचं तापमान फारच कमी दिसलं. भट्टी तापायच्या आधीच माल आत सारला, असं ठरलं. शिफ्ट सुरू होताना सगळे उभ्याने मीटिंग करतात, तिथे त्यांचं नाव घेतलं गेलं आणि त्यांना पॅकिंगला बसवलं. "भट्टी तापलीच हुती," एवढंच ते म्हणाले.

माल मात्र तपासणीत पास झाला. ताईंना हे खटकलं. त्यांनी मूळ फाइल उघडली. तापमापक बदलताना यंत्राने त्या ओळींत पहिल्या कप्प्याची जागा कोरी सोडली होती. ताईंच्या आज्ञेने ती कोरी जागा गिळून पुढचे आकडे एक घर डावीकडे ओढले होते, त्यामुळे कमी तापणाऱ्या दुसऱ्या कप्प्याचं तापमान पहिल्याच्या नावावर गेलं होतं. ताईंनी कोऱ्या जागी फुली येईल अशी आज्ञा दुरुस्त केली. मी सुचवलं, साहेबांना मेल टाकू, मिटून जाईल.

"मेलनं मिटतंय होय? नाव सगळ्यांदेखत घेतलंय माणसाचं."

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या मीटिंगमध्ये ताई पुढे झाल्या. त्यांना खाली बघून बोलायची सवयच नव्हती. "तक्ता मी केलता. चूक माझी. दत्तूभाऊची भट्टी बरोबर होती." ऑफिसची चूक शॉपवर, कामगारांसमोर सांगितली म्हणून साहेबांचं तोंड वाकडं झालं. दत्तूभाऊंनी पॅकिंगचे हातमोजे काढून ठेवले आणि कुणाला न विचारता भट्टीकडे चालू लागले. कुणी अडवलं नाही.

ताई आता लातूरला परतल्यात. त्यांच्या निरोपाला साहेबांनी त्यांच्या हुशारीवर लांबलचक भाषण केलं. मग कधी चार माणसांत न बोलणारे दत्तूभाऊ उठले. म्हणाले, "हुशार लई बघितली. पर माझं नाव जिथं गेलं, तितनंच या मॅडमनी परत आणून दिलं." ताईंनी चष्मा पुसायला घेतला. मी त्यांच्या हाताखालचा, याचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.