बाण लागलेल्या संताची फ्रेम

चामराजपेटेतला आमचा फ्रेमवाला पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या घराण्यातला मराठी माणूस. त्याच्या बोलण्यात सारखं कन्नड 'स्वल्प', म्हणजे 'जरासं', येतं, आणि काम करताना तो फोटोतल्या माणसांशी गप्पा मारतो.

पोलीस कोठडीतल्या मारहाणीविरुद्ध आम्ही प्रदर्शन भरवत होतो. त्यासाठी मी त्याच्याकडे बाणांनी विंधलेल्या एका संताचं जुनं युरोपीय चित्र नेलं. काही शतकांपूर्वी अशा चित्रांपुढे माणसं हमसून रडत. आमच्या गटाचं म्हणणं होतं, मोबाइलवर रोज रक्त बघणाऱ्यांना आता काही होत नाही, चित्र वगळू या. मी भांडून आले होते, पण मनातून धास्तावले होते.

त्यानं चित्र बघितलं आणि स्वतःचीच बरगडी चोळली. "अय्यो! स्वल्प तरी दया करायची की!"

मग काच बसवून, मागे पुठ्ठा लावून त्यानं पहिला खिळा ठोकला आणि पुटपुटला, "सॉरी अण्णा."

दुसऱ्या खिळ्यासाठी उचललेली हातोडी तशीच थांबली.

"काय झालं?"

"नको अक्का. आधीच किती टोचलंय त्याला."

बाकीचा पुठ्ठा त्यानं चिकटपट्टीनं बसवला. मी तिथूनच गटाला फोन लावला. चित्र लागणार होतं, आणि तेही दारासमोर!