डिस्क ब्रेकवाला मिस्त्री

कुंभारीच्या रस्त्यावर माझ्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले नव्हते. मला डुलकी लागली आणि मी बैलगाडीला धडकलो.

लष्कराच्या लिलावातला तो जुना ट्रक. त्याच्या पुढच्या ॲक्सलचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायला सोलापुरात तेव्हा एकच मिस्त्री तयार झाला. नट अडला तर तो हातोडी उचलत नसे, नटाचीच समजूत काढी. "ये की बाबा, किती भाव खातोस?" गिऱ्हाइकाशी मात्र जेमतेम बोले.

अपघातानंतर मी सगळीकडे ब्रेकलाच दोष दिला. त्याच्याकडे गाड्या येईनाशा झाल्या. मग एका सकाळी तो आला आणि दुरुस्त होऊन दारात उभ्या असलेल्या माझ्या ट्रकपुढे, थोड्या अंतरावर, पाठ करून उभा राहिला.

"बसा मालक. जोरात आना, माज्याजवळ आल्यावर दाबा. न्हाय थांबली तर तुमचं खरं."

शेजारी जमले होते. "चालवा की, बगू तरी!" कुणीतरी ओरडलं.

ट्रक थांबणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"पाय दुखतोय," मी म्हणालो.

तो वळला.

"पायाला जपा, मालक," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.