भाजलेला पाय, उसवलेली बाही

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बाजारात व्यंकोजी शिंप्याचं दुकान होतं आणि त्या दुकानात चाळीस वर्षांत एकही कपडा चुकीचा शिवला गेला नव्हता. म्हणजे व्यंकोजी तसं मानत. सदरा आखूड झाला तर कापड आटलेलं असायचं, कोट पोटावर बसला नाही तर गिऱ्हाईक सुटलेलं असायचं. "माप घेतलं तेव्हा माणूस होतास, आता पिंप झालास," असं ते तोंडावर सांगत. गिऱ्हाईकं निमूट ऐकून घेत, कारण त्यांच्यासारखा हात त्या भागात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

अशा माणसाचा पाय शहाण्णव साली एका खासगी इस्पितळात भाजला. पोटदुखीसाठी भरती झाले होते. पाय गार पडले म्हणून एका शिकाऊ नर्सनं गरम पाण्याची पिशवी आणून तळव्याला लावली. पिशवी स्वतःच्या हातावर टेकवून पाहिली नाही, फडकं गुंडाळलं नाही. मधुमेहानं व्यंकोजींच्या पायांना काही जाणवेनासं झालं होतं. सकाळी पांघरूण काढलं तर टाचेवर लिंबाएवढा फोड.

मग मॅनेजर फळांची करंडी घेऊन आला. मोठे डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं. मलमपट्टी फुकट झाली.

"फुकटचं मलम काय चाटू?" व्यंकोजी कडाडले. "त्या पोरीला पाठवा. चुकलं म्हणू दे, मी घरी जातो."

पोर काही आली नाही. दारातून डोकावायची आणि मेट्रन तिला हाकलून न्यायची. आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं होतं. तेव्हापासून या इस्पितळात सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. एवढी शिकलेली माणसं आणि एक साधा शब्द उच्चारायला घाबरतात, याची व्यंकोजींना किळस आली. तो शब्द मिळाला नाही तर ग्राहक कोर्टात जायचं, असं त्यांनी घरी आल्यावर ठरवून टाकलं.

इस्पितळाच्या नर्सिंग स्कूलचे गणवेशही व्यंकोजीच शिवत. त्या वर्षी बाह्या काखेत तंग झाल्या होत्या. मुली तक्रार घेऊन आल्या तेव्हा त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं होतं. "हॉस्टेलचे नाचणीचे मुद्दे गिळून दंड फुगलेत तुमचे." पायाची जखम भरत आल्यावर ते नव्या मुलींची मापं घ्यायला लंगडत तिथं गेले. वर्ग चालू होता, म्हणून शिपायानं त्यांना मागच्या बाकावर बसवलं.

दामोदर वकील कायदा शिकवत होते. कोर्टात त्यांना कुणी विचारत नसे, त्यामुळे काळा कोट इथंच मिरवायचा. आधी कराराचा धडा झाला. "शिंप्यानं नमुना दाखवला, शाळेनं हो म्हटलं, की करार पक्का. मग गणवेश नमुन्यासारखाच निघाला पाहिजे." मुली काखा चाचपत हसल्या. व्यंकोजी छताकडे बघू लागले.

मग निष्काळजीपणा. "रुग्णाची काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य. ते चुकलं आणि त्या चुकीमुळेच इजा झाली, तर तुम्ही जबाबदार. समजा, एक म्हातारा आहे. पायाला गरम पाण्याची पिशवी लावली आणि भाजलं." वकिलांनी आवाज खाली आणला. "असले म्हातारे खवट असतात. तुमच्या तोंडून एक शब्द काढायला टपलेले. काही झालं तरी चुकलं म्हणायचं नाही! ती कबुली होते."

व्यंकोजी उठले आणि पट्टी बांधलेला पाय त्यांनी धाडकन बाकावर ठेवला.

"समजा कशाला, वकीलसाहेब? म्हातारा इथंच आहे. सगळं छान शिकवलंत आणि शेवटी शेण खाल्लंत. या पोरींना काळजी घ्यायला शिकवताय का लपायला?"

मधल्या बाकावर एका मुलीनं हात वर केला. आनेकल गावची सुखदा. व्यंकोजींनी तिला लगेच ओळखलं, दारातून डोकावणारी तीच. हात वर जाताच काखेतली शिवण टर्रकन उसवली. ती लाजेनं लाल झाली, पण हात खाली घेतला नाही.

"खाली बस! एक शब्द बोलू नकोस," वकील ओरडले.

"अण्णा, चुकलं माझं," ती म्हणाली. "पिशवी हातावर लावून बघायला पाहिजे होती. फडकं गुंडाळायला पाहिजे होतं. स्वल्प थांबले असते तर तुमचा पाय वाचला असता. त्याच दिवशी सांगायचं होतं, मला आत सोडलं नाही."

इतके दिवस व्यंकोजींनी तिच्यासाठी एकाहून एक जहाल वाक्यं रचून ठेवली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

"सरी," ते कसेबसे म्हणाले. "ठीक आहे. मिटलं."

पण मिटलं नव्हतं. सुखदा उसवलेली काख दुसऱ्या हातानं झाकून उभी होती आणि सगळा वर्ग एकदा त्या बाहीकडे, एकदा व्यंकोजींकडे बघत होता. दंड फुगल्याचं नेहमीचं उत्तर जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं. गळ्यातली टेप काढून हातात नुसतीच गुंडाळली, उलगडली.

"बाही मीच तंग कापली," ते पुटपुटले. "चुकलं."

पुढच्या बाकावरून एक मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "अण्णा, ऐकू नाही आलं!"