कोणता कोरिया?

माझा स्वभाव मुळातच तापट. फौजेत जाऊनही तो सुटला नाही, आणि सिंदेवाहीला परत आलो तेव्हा तर आणखीच वाढला होता. मी जिथून आलो होतो त्या कोरियाच्या लढाईचं नाव काढलं की गावातली शहाणी माणसं जांभया द्यायची.

तिथं मी जखमींचं स्ट्रेचर उचलायचो. लढाई थांबली, आम्ही परतलो, पण आमच्या स्वयंपाकाच्या तंबूमागं डबे घेऊन उभी राहणारी लेकरं काही डोळ्यांसमोरून हलेनात. आपल्यासारखीच भात खाणारी माणसं ती. भाताची पेज आम्ही मातीत ओतायच्या आधी लेकरं डबा पुढं करायची. नागपूरला काही मंडळी या पोरक्या लेकरांसाठी तांदूळ आणि कपडे गोळा करत होती. मी म्हटलं, आपल्या धानाच्या मुलखातून दोन पोती तरी गेलीच पाहिजेत.

बाजाराच्या दिवशी चिंचेखाली रिकामी पोती मांडून बसलो. ओरडून ओरडून घसा बसला. एक धानाचा व्यापारी म्हणाला, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! कोन्या मुलखाची लढाई, अन् आपन काऊन मरून राह्यलो?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला इतकं बोललो की त्याची दोन गिऱ्हाइकंही पळाली. पोत्यात मात्र मूठभर दाणेसुद्धा पडले नाहीत.

दुपार कलल्यावर एक म्हातारी जवळ आली. दर बाजाराला ती बांबूच्या टोपल्या विकायला बसायची.

"कुठी लढाई झाली म्हनता, भाऊ?"

"कोरियात, बाई."

तिच्या हातातली टोपली खाली पडली. "बाप्पा! माहा लेक तिथीच हाय नं!"

मला वाटलं, लेक फौजेत असेल. ती लगबगीनं घरी गेली आणि एक कोरं धोतर घेऊन आली. लेक परत आला की नेसेल म्हणून ठेवलेलं, घडीसुद्धा न मोडलेलं. "हे त्याले देजा. अन् दोन घास त्याच्या पोटात जातीन असं करा." तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, हिचा लेक ठेकेदाराबरोबर कोळशाच्या खाणीवर गेलाय. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बिलासपूरच्या पलीकडं कोरिया नावाचं एक जुनं संस्थान होतं आणि आमच्याकडची काही माणसं तिथल्या खाणींवर राबत होती. म्हातारीचा कोरिया तो. माझा कोरिया समुद्रापार.

सांगायला तोंड उघडलं, तर काय! बाजारभर बोंब झालेली, "कोरियात लढाई लागली, आपली मानसं अडकली!" जो तो तांदूळ घेऊन धावला. कांबळी आली, लुगडी आली. तो व्यापारीसुद्धा आला हो! मी उघडलेलं तोंड मिटलं. मनाला म्हटलं, लेकरांच्या पोटात जातंय ना, मग कोणत्या का कोरियाच्या नावानं जाईना. म्हातारीला उद्या सांगू.

उद्याचा परवा झाला. आठ दिवस मी तिच्या घराकडची वाट टाळली. खोटं कशाला बोलू, ती भरलेली पोती बघून मला आनंदच होत होता.

पुढच्या बाजाराला म्हातारी आली नाही. तिची शेजारीण आली. "भाऊ, बाईनं आठ दिवसांपासून घास घेतला नाई. लेकाची खबर येईपर्यंत जेवत नाई म्हनते. नुसती पानी पिऊन राह्यली."

मी तडक तिच्या घरी गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, गाल आत गेलेले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तुमच्या लेकाच्या कोरियात लढाई नाही, बाई. लढाई झाली तो मुलूख वेगळा, फार लांबचा.

"तुमाले कवापासून ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून."

"मुडद्या! माह्या जित्या लेकासाठी आठ दिवस रडून राह्यली मी, अन् तुले ठाऊक होतं? तुले माय नाई का?"

एरवी कुणी अरे म्हटलं की मी कारे म्हणणारा. त्या दिवशी मान वर करवेना. माझी मलाच लाज वाटली.

बाजारात परत येऊन मी चिंचेखाली उभा राहिलो आणि सगळ्यांना खरं सांगितलं. शिव्या खाल्ल्या. व्यापाऱ्यानं आपला तांदूळ परत नेला, वर चार मुठी जास्तच. कांबळी गेली, लुगडी गेली. काहींनी राहू दिलं, पण सगळं मिळून जेमतेम अर्धं पोतं उरलं.

तेवढ्यात शेजारणीच्या खांद्याला धरून म्हातारी आली. माझ्याकडं न बघता तिनं कपड्यांतलं कोरं धोतर काढून काखेत मारलं. "हे माह्या लेकाचं." बरोबरच होतं तिचं. मग शेजारणीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि पोत्यात रिकामं केलं. पायलीभर तांदूळ होता.

"बाई, हा कशाला? तुमचा लेक तर तिथं नाही."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "आठ दिवस चूल पेटली नाई, तं हा उरला. ने तुह्या कोरियात."